क्योस्ट्रित्सर श्वार्त्सबिअर

क्योस्ट्रित्सर श्वार्त्सबिअर ही जर्मनीच्या थ्युरिंगिया राज्यातील बाड क्योस्ट्रित्स या लहान गावी तयार होणारी काळ्या रंगाची लागर बिअर आहे. तिच्यातील अल्कोहोलचे प्रमाण आकारमानाने ४.८ टक्के असते. गावातील ब्रुअरीचा कागदोपत्री पहिला उल्लेख इ.स. १५४३ मधील असून तेव्हापासून ती संस्थानिक घराणे, खासगी उद्योजक, पूर्व जर्मनीचे समाजवादी सरकार आणि १९९१ पासून बिटबुर्गर ही पश्चिम जर्मन कंपनी अशा अनेक मालकांच्या हाती राहिली. काळ्या बिअरच्या प्रकारात क्योस्ट्रित्सर ही आज जर्मनीत सर्वाधिक परिचित मानली जाते.

बाटलीवर १५४३ हे साल छापलेले असले तरी त्या साली गावात बनणारी बिअर आजच्यासारखी नव्हती. जागा आणि नाव टिकले; पेयाचा रंग, त्यातील यीस्ट आणि गोडवा मात्र निरनिराळ्या काळांत बदलत गेला. महाराष्ट्रातील, विशेषतः पुण्यातील मायक्रोब्रुअऱ्यांच्या संदर्भात या प्रकाराचा विचार लेखाच्या अखेरच्या विभागात केला आहे.

नाव

जर्मन भाषेत ‘श्वार्त्स’ म्हणजे काळा. श्वार्त्सबिअर हे कोणा एका कंपनीचे नाव नसून बिअरच्या एका प्रकाराचे नाव आहे. ‘क्योस्ट्रित्सर’ म्हणजे क्योस्ट्रित्सची. मराठीत पैठणी किंवा कोल्हापुरी या शब्दांत गावाच्या नावावरून वस्तूचे नाव पडते तसाच हा प्रकार. गावाच्या नावाआधी लागणारे ‘बाड’ हे पद जर्मनीत खनिज जलाच्या किंवा औषधी स्नानाच्या आरोग्यस्थानांना मिळते. ते क्योस्ट्रित्सला विसाव्या शतकात मिळाले. त्यामुळे जुन्या उल्लेखांत गावाचे नाव नुसते क्योस्ट्रित्स असे येते.

मराठीत मद्यनिर्मितीला सरसकट ‘दारू गाळणे’ म्हणण्याची पद्धत आहे. बिअरच्या बाबतीत ती दिशाभूल करते. गाळणे म्हणजे आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करणे. ते काम आसवनीत होते. बिअर केवळ आंबवली जाते, तिचे ऊर्ध्वपातन होत नाही. म्हणून या लेखात कारखान्यासाठी ‘ब्रुअरी’ हा रूढ शब्द वापरला आहे.

काळा रंग कोठून येतो

नाचणी भिजवून, तिला मोड आणून, सुकवून व दळून केलेले नाचणीचे सत्त्व महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. बिअरचा मुख्य घटक असलेले माल्ट याच तत्त्वावर तयार होते. फरक इतकाच की तेथे धान्य जव असते. जवाला मोड येताना दाण्यात विकरे निर्माण होतात. मोड आलेला दाणा भट्टीत सुकवला की त्याची वाढ थांबते, पण विकरे शिल्लक राहतात. पुढे भरडलेले माल्ट सुमारे ६२ ते ७२ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ठेवले की ही विकरे दाण्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. हा गोड काढा गाळून हॉप या वेलीच्या फुलांसह उकळला जातो, थंड केला जातो आणि त्यात यीस्ट सोडले जाते. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते.

बिअरचा रंग ठरतो तो माल्ट किती तापवले यावर. फिकट माल्ट साधारण ८० ते ८५ अंशांवर सुकवतात. म्युनिक शहराच्या नावाने ओळखले जाणारे गडद माल्ट १०० अंशांच्या आसपास तापवले जाते. त्याला पावाच्या खरपूस कडेसारखा वास येतो. काळे माल्ट मात्र कॉफीच्या बियांप्रमाणे फिरत्या पिंपात २०० अंशांहून अधिक तापमानावर भाजावे लागते. शेंगदाणे किंवा रवा भाजताना जी रासायनिक क्रिया रंग आणि वास देते तीच येथेही घडते. इतक्या उष्णतेत विकरे नष्ट होतात, त्यामुळे केवळ काळ्या माल्टपासून बिअर बनत नाही. श्वार्त्सबिअरमध्ये बहुतांश माल्ट फिकट किंवा म्युनिक प्रकारचे असते आणि भाजलेल्या माल्टचा वाटा साधारणतः पाच टक्क्यांच्या आत राहतो. पूर्ण पिंपभर बिअरला काळे करण्यास एवढे पुरते.

काळी म्हटली तरी ही बिअर डांबरासारखी काळी नसते. पेला उजेडाकडे धरला तर तिच्यात माणकासारखी तांबूस छटा दिसते. फेस फिकट तपकिरी असतो. चवीत कोको, कॉफी व भाजलेल्या पावाची सौम्य आठवण असते, पण जळकेपणा नसावा अशी अपेक्षा असते. तो टाळण्यासाठी आधुनिक ब्रुअऱ्या अनेकदा टरफल काढून भाजलेले माल्ट वापरतात, कारण तुरटपणा मुख्यतः टरफलातून येतो. बांबेर्ग शहरातील वायरमान ही १८७९ मध्ये स्थापन झालेली माल्ट कंपनी अशा माल्टसाठी जगभर ओळखली जाते.

काळी बिअर म्हटल्यावर अनेकांना आयर्लंडची गिनेस आठवते. दोहोंचा रंग सारखा असला तरी घडण वेगळी आहे. गिनेससारखे स्टाउट वरच्या थरात आंबणाऱ्या यीस्टपासून तुलनेने उबदार तापमानावर बनतात. श्वार्त्सबिअर तळाशी बसणाऱ्या यीस्टपासून साधारण ८ ते १२ अंश तापमानावर आंबते आणि त्यानंतर कित्येक आठवडे शून्याच्या जवळपास थंड टाक्यांत मुरते. ‘लागर’ हा शब्द जर्मन भाषेतील साठवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. या मुरण्यामुळे चव स्वच्छ व हलकी होते. म्हणून रंगावरून जड वाटणारी ही बिअर प्रत्यक्षात पिण्यास हलकी असते.

पाण्याचाही यात वाटा आहे. कार्बोनेटयुक्त, अल्कधर्मी पाण्यात फिकट माल्टची विकरे नीट काम करत नाहीत. गडद माल्ट किंचित आम्लधर्मी असल्याने ते हा दोष भरून काढते. पाण्यावर रासायनिक प्रक्रिया करण्याचे तंत्र येण्यापूर्वी म्युनिक आणि डब्लिन ही दोन्ही शहरे गडद बिअरसाठी प्रसिद्ध झाली, याचे एक कारण तेथील पाणी हे होते.

गाव आणि ब्रुअरी

बाड क्योस्ट्रित्स हे व्हाइसे एल्स्टर नदीच्या काठी, गेरा शहरापासून काही किलोमीटरवर वसलेले गाव आहे. संगीताच्या इतिहासात ते हाइनरिश श्युत्स या संगीतकाराचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. श्युत्स यांचा जन्म १५८५ मध्ये येथील एका खाणावळीत झाला; ती खाणावळ त्यांच्या कुटुंबाकडे होती आणि त्या वास्तूत आता त्यांचे संग्रहालय आहे. त्या काळच्या जर्मन खाणावळीत बिअर ही चैनीची वस्तू नव्हे, तर जेवणाचा भाग होती. क्योस्ट्रित्सच्या ब्रुअरीचा १५४३ मधील पहिला उल्लेखही एका वंशपरंपरागत मद्यगृहाचा, म्हणजे बिअर बनवण्याचा व विकण्याचा हक्क असलेल्या घराचा आहे. कारखाना हा शब्द तिला पुढे कित्येक पिढ्यांनंतर लागू झाला.

हा प्रदेश रॉइस घराण्याच्या ताब्यात होता. या घराण्यातील प्रत्येक पुरुषाचे नाव हाइनरिश ठेवण्याची प्रथा असल्यामुळे त्यांना केवळ क्रमांकावरून ओळखावे लागते. थोरल्या पातीत शंभरापर्यंत क्रमांक गेल्यावर पुन्हा एकपासून सुरुवात होई, तर धाकट्या पातीत प्रत्येक शतकागणिक. क्योस्ट्रित्समध्ये धाकट्या पातीच्या एका शाखेचा राजवाडा होता आणि ब्रुअरी त्या राजघराण्याची मालमत्ता झाली. जर्मनीतील अनेक लहान संस्थानांप्रमाणे येथेही बिअर हे उत्पन्नाचे खात्रीचे साधन होते. शेतातील जव, स्वतःचे जंगल, स्वतःचे पाणी आणि कर बसवण्याचा अधिकार, सर्व एकाच मालकाकडे असे.

क्योस्ट्रित्सच्या बिअरची कीर्ती गावाबाहेर पोहोचल्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा योहान वोल्फगांग फॉन ग्योटे यांच्या आयुष्यातील आहे. नोव्हेंबर १८२३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ व मुत्सद्दी विल्हेल्म फॉन हुंबोल्ट हे वायमार येथे ग्योटे यांना भेटले. चौऱ्याहत्तर वर्षांचे ग्योटे तेव्हा आजारी होते. हुंबोल्ट यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात असे वर्णन केले आहे की ग्योटे बिअर आणि लहान पावांवर जगत असून सकाळपासून मोठाले पेले रिकामे करतात, आणि गडद तपकिरी क्योस्ट्रित्सर घ्यावी, फिकट तपकिरी घ्यावी की ओबरवायमारची बिअर घ्यावी याची नोकराशी चर्चा करतात. वायमार क्योस्ट्रित्सपासून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर आहे.

ब्रुअरीने पुढे आपल्या जाहिरातींत या प्रसंगाचा भरपूर उपयोग केला. परंतु हुंबोल्ट यांच्या वर्णनाचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्यातून १८२३ मध्ये क्योस्ट्रित्सची बिअर किमान दोन रंगांत मिळत होती आणि तिच्यातील गडद प्रकारालाही काळी नव्हे, तपकिरी म्हटले जात होते, हे कळते. याची संगती तंत्रज्ञानाच्या इतिहासाशी लागते. माल्ट कॉफीप्रमाणे फिरत्या पिंपात भाजण्याचे एकस्व इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये घेतले. त्यापूर्वी माल्ट लाकडाच्या आगीवर सुकवले जाई. ते कमी-अधिक तपकिरी होई, धुराचा वास धरी, पण विकरे शाबूत ठेवून काळे करता येत नसे. फिकट माल्टमध्ये चिमूटभर काळे माल्ट मिसळून रंग हवा तेवढा गडद करणे ही एकोणिसाव्या शतकातील सोय आहे. त्यामुळे १५४३ मधील बिअर आजच्या अर्थाने श्वार्त्सबिअर असण्याची शक्यता फारच कमी आहे.

यीस्टच्या बाबतीतही असेच घडले. तळाशी आंबणाऱ्या यीस्टची परंपरा मुळात बव्हेरियाची. तेथे १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर बनवण्यास बंदी झाली आणि थंडीत बनवून तळघरात मुरवण्याची पद्धत पक्की झाली. मध्य व उत्तर जर्मनीत मात्र वरच्या थरात आंबणाऱ्या बिअर दीर्घकाळ प्रचलित राहिल्या. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतकरण यंत्राचा म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत वापर सुरू झाला आणि १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शुद्ध यीस्ट वेगळे केले. यानंतर लागर पद्धत जर्मनीभर पसरली. आजची क्योस्ट्रित्सर तळाशी आंबणारी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडॉल्फ त्सेर्श या उद्योजकाच्या काळात ब्रुअरीला आधुनिक कारखान्याचे रूप आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी विटांच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. रेल्वेमुळे बाटल्या दूरवर जाऊ लागल्या.

पौष्टिक म्हणून कीर्ती

अशक्त माणसे, आजारातून उठलेले रुग्ण आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना ही बिअर शक्ती देते, असा क्योस्ट्रित्सच्या काळ्या बिअरचा प्रचार विसाव्या शतकात बराच काळ होत राहिला. महाराष्ट्रात बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू ज्या श्रद्धेने देतात त्याच जागी तेथे माल्टची गडद, गोड बिअर होती. या समजाला अगदीच आधार नव्हता असे नाही. जुनी बिअर गोड होती, तिच्यात न आंबलेली साखर बरीच राही आणि अल्कोहोल आजच्यापेक्षा कमी असे; उपाशी माणसाला ती उष्मांक देत होती. आधुनिक वैद्यकाने मात्र हा सल्ला सोडून दिला आहे. अल्कोहोल मातेच्या दुधात उतरते आणि दूध सुटण्यास मदत करणाऱ्या संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आणते. काळा रंग हेही पौष्टिकतेचे लक्षण नाही. तो भाजण्याचा परिणाम आहे.

शुद्धतेचा कायदा आणि गोडव्याचा वाद

जर्मन बिअरची चर्चा १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता कायद्याशिवाय पूर्ण होत नाही. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये असा नियम जाहीर केला. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. थ्युरिंगियाची माणसे याबाबत किंचित अभिमानाने आपल्याच राज्यातील वायसेनझे गावाच्या १४३४ मधील मद्यगृह-नियमावलीकडे बोट दाखवतात; तिच्यात माल्ट, हॉप व पाणी एवढेच घटक सांगितले असून ती बव्हेरियाच्या नियमापेक्षा ८२ वर्षांनी जुनी आहे. बव्हेरियाचा नियम मात्र संपूर्ण जर्मन साम्राज्यास १९०६ मध्येच लागू झाला. तोपर्यंत उत्तरेकडे साखर, मध, मसाले घातलेल्या बिअर सर्रास होत्या.

कायद्याचे आधुनिक रूप पाहिले तर त्यात एक बारीक भेद आहे. तळाशी आंबणाऱ्या बिअरमध्ये केवळ जवाचे माल्ट, हॉप, यीस्ट व पाणी चालते. वर आंबणाऱ्या बिअरमध्ये बव्हेरिया वगळता इतरत्र काही प्रकारच्या साखरेस मुभा आहे. म्हणजे गोड काळी बिअर जुन्या पद्धतीने आंबवली तर नियमात बसते, लागर पद्धतीने आंबवली तर बसत नाही.

पूर्व जर्मनीत हा प्रश्न चाळीस वर्षे उद्भवलाच नाही. तेथील मानके वेगळी होती. टंचाईमुळे माल्टला पर्यायी घटक आणि साखर यांना परवानगी होती. १९९० मध्ये देश एक झाला आणि पश्चिमेचा कायदा पूर्वेस लागू झाला, तेव्हा पूर्वेकडच्या गोड काळ्या बिअर अडचणीत आल्या. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण क्योस्ट्रित्स नसून ब्रांडेनबुर्ग राज्यातील नॉयत्सेले हे आहे. पोलंडच्या सीमेजवळच्या या गावात १२६८ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन मठ आहे आणि त्याच्या ब्रुअरीची परंपरा १५८९ पासून सांगितली जाते. तेथील ‘श्वार्त्सर आप्ट’, म्हणजे काळा मठाधिपती, या बिअरमध्ये ती तयार झाल्यावर साखरेचा पाक मिसळला जाई. राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्या बाटलीवर ‘बिअर’ हा शब्द छापण्यास मनाई केली. ब्रुअरीचे म्हणणे असे की कृती कायद्याहून जुनी आहे. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की ग्राहकाला बिअर या शब्दातून जे अपेक्षित असते ते या बाटलीत नाही. वृत्तपत्रांनी ‘ब्रांडेनबुर्गचे बिअरयुद्ध’ असे नाव दिलेला हा वाद दशकभराहून अधिक काळ चालला. अखेर २४ फेब्रुवारी २००५ रोजी लाइपत्सिश येथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने विशेष बिअर म्हणून तिला बिअर म्हणवून घेण्याचा हक्क मान्य केला.

क्योस्ट्रित्सने दुसरा मार्ग पत्करला.

पूर्व जर्मनी आणि १९९१ नंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर थ्युरिंगिया सोव्हिएत क्षेत्रात गेला आणि ब्रुअरी सरकारी मालकीची झाली. पूर्व जर्मनीत बहुतेक कारखान्यांत जे झाले तेच येथे झाले: यंत्रे जुनी होत गेली, उत्पादन चालू राहिले. काळी बिअर परकीय चलन मिळवून देणारी वस्तू म्हणून निर्यातही होत असे. एका अर्थाने या बंदिस्तपणानेच काळ्या बिअरला वाचवले. पश्चिम जर्मनीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिकट पिल्सने बाजार व्यापला आणि काळी बिअर जवळपास विस्मरणात गेली. पूर्वेकडे स्पर्धा नसल्याने जुने प्रकार आपल्या जागी राहिले.

१ जुलै १९९० रोजी पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मन मार्क चलन म्हणून आले. दुकानांत पश्चिमेचा माल दिसू लागताच पूर्वेच्या ग्राहकांनी ओळखीच्या वस्तूंकडे पाठ फिरवली आणि अनेक स्थानिक ब्रुअऱ्या बंद पडल्या. १९९१ मध्ये बिटबुर्गर कंपनीने क्योस्ट्रित्सची ब्रुअरी विकत घेतली. आयफेल प्रदेशातील बिटबुर्ग येथे १८१७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी स्वतः पिल्ससाठी प्रसिद्ध होती. काळी बिअर ही तिच्या मालाशी स्पर्धा न करणारी आणि वेगळेपणावर विकता येणारी गोष्ट होती. नव्या मालकाने ब्रुअरीत मोठी गुंतवणूक केली आणि बिअरचेही रूप बदलले. गोडवा कमी करून ती कोरडी व कडसर केली, अल्कोहोल आजच्या पातळीवर आणले आणि रुग्ण व मातांऐवजी शहरी तरुण ग्राहक समोर ठेवला.

१९९० च्या दशकात काळ्या बिअरची मागणी सर्व जर्मनीत वाढली आणि पूर्वेची एक वस्तू पश्चिमेच्या बाजारात यशस्वी झाल्याचे क्योस्ट्रित्सर हे मोजक्या उदाहरणांपैकी एक ठरले. ब्रुअरी पिल्ससह इतर प्रकारही बनवते, परंतु ओळख काळ्या बिअरचीच आहे. नॉयत्सेलेने जुनी चव राखली आणि बिअर या शब्दासाठी न्यायालयात भांडली. क्योस्ट्रित्सने चव सोडून दिली व बाजार मिळवला. दोन्ही ब्रुअऱ्या परंपरेचा दाखला देतात, पण परंपरा म्हणून त्यांनी जपलेली गोष्ट एक नाही.

संबंधित प्रकार

काळ्या बिअरवर हक्क सांगणारी इतरही गावे आहेत. उत्तर बव्हेरियातील कुल्मबाख येथे मठाच्या ब्रुअरीची परंपरा १३४९ पासून सांगितली जाते. ब्राउनश्वाइग शहराची ‘मुमे’ ही गडद बिअर मध्ययुगात समुद्रमार्गे दूरवर जात असे. म्युनिकचे ‘डुंकेल’ श्वार्त्सबिअरच्या जवळचे आहे, पण त्याचा रंग तपकिरी आणि चव अधिक गोडसर असते. प्राग येथील ‘उ फ्लेकू’ हे १४९९ पासूनचे मद्यगृह स्वतःची गडद लागर बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात आधुनिक ब्रुअरी आली ती ब्रिटिश सैन्याच्या तहानेमुळे. एडवर्ड डायर यांनी हिमालयातील कसौली येथे ब्रुअरी सुरू केली. जालियनवाला बाग हत्याकांडास जबाबदार असलेला रेजिनाल्ड डायर हा त्यांचाच मुलगा. १८८७ मध्ये एच. जी. मीकिन यांनी डायर यांच्या सिमला व कसौली येथील ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि पुढे इतर ठिकाणी भर घातली. त्यात बहुतेक थंड हवेची ठिकाणे होती: राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग. या यादीत पुण्याजवळील खडकीचे नाव वेगळे उठून दिसते. तेथे डोंगराची थंडी नव्हती, छावणी होती.

पुण्यातील बिअरचा दुसरा टप्पा २००९ मध्ये सुरू झाला. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी शहराच्या दक्षिण भागातील कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी काढली. देशातील आरंभीच्या मायक्रोब्रुअऱ्यांत तिची गणना होते. तेथील बिअर बनवण्याची जबाबदारी ओलिव्हर शाउफ या जर्मन तज्ज्ञाकडे होती. नाव मात्र नाशिकजवळच्या देवळालीचे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकून पडलेले ब्रिटिश सैनिक वेडेपिसे होत, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला. पुढील दशकात शहराच्या पूर्वेस अशा ब्रुअऱ्यांची भर पडली. मुळा-मुठेच्या दक्षिण तीरावरील मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ सुरू झाली. नदीच्या पलीकडे उत्तर तीरावर खराडी आहे. एके काळी शेतीचे गाव असलेली खराडी माहिती तंत्रज्ञान संकुलांमुळे झपाट्याने बदलली आणि या पट्ट्यातील नोकरदार वर्ग ताज्या बिअरचा मुख्य ग्राहक झाला. ब्रुअरीची यंत्रसामग्री बनवणारी प्राज इंडस्ट्रीज ही कंपनीही पुण्याचीच आहे.

कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रातील बिअर आजही १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली येते. या अधिनियमानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. सौम्य बिअरसाठी वयोमर्यादा २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. क्योस्ट्रित्सरचे ४.८ टक्के प्रमाण सौम्य गटात मोडते. भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये मात्र अधिक अल्कोहोलच्या ‘स्ट्राँग’ प्रकाराचा वाटा मोठा आहे.

पुण्यासारख्या शहरातील मायक्रोब्रुअऱ्यांना श्वार्त्सबिअर नियमितपणे बनवणे सोयीचे नसते, याचे कारण चवीपेक्षा टाकीत आहे. गव्हाची बिअर किंवा इतर एल साधारण दोन आठवड्यांत ग्लासात येते. लागर प्रकारास आंबणे आणि मुरणे मिळून त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो, आणि तेवढा काळ टाकी अडकून राहते. उपाहारगृहाच्या कोपऱ्यात चार-सहा टाक्या असलेल्या ब्रुअरीत ही अडवणूक थेट विक्रीवर येते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंश तापमान असताना टाकी शून्याजवळ राखण्याचे वीजबिल वेगळेच. जव राजस्थान, उत्तर प्रदेश व हरियाणातून मिळतो; हॉप व भाजलेले विशेष माल्ट बहुधा आयात करावे लागते. म्हणून येथील फलकावर काळी बिअर दिसली तर ती प्रायः स्टाउट किंवा पोर्टर असते, म्हणजे वर आंबणारी आणि लवकर तयार होणारी. रंगावरून हा फरक कळत नाही.